नखावरचे नख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनासारख्या दिवशी नखांवर भाषण म्हणजे विषय अगदीच नखभर आहे, असे कोणाला वाटेल. परंतु अलीकडे लग्नसराईत कृत्रिम नखे लावण्याची चाल पुष्कळ घरांत आली आहे. ती चांगली की वाईट, या वादात मी शिरत नाही. नटण्याची हौस बायकांनी जरूर करावी. मला सांगावयाचे ते एवढेच, की त्या देखण्या नखाखाली आपले स्वतःचे नख असते आणि त्याची विचारपूस कोणी करीत नाही.

कृत्रिम नख घट्ट बसावे म्हणून आधी आपल्या नखाचा वरचा थर घासतात. त्याने ते पातळ होते. मग गोंदाने नख चिकटवितात, किंवा अ‍ॅक्रिलिकचा वा जेलचा थर देतात. दोन-तीन आठवड्यांत खालचे नख वाढते आणि कोठेतरी कड सुटते. आपण दिवसभर भांडी घासतो, कणीक मळतो, धुणे पिळतो. ते पाणी त्या फटीत शिरते आणि तेथेच राहते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर काय होते, हे मी तुम्हांस सांगावयास नको! नख फार लांब असेल तर नाकापेक्षा मोती जड अशी गत होते. जरा धक्का लागला की त्याच्याबरोबर आपले नखही खालच्या मांसापासून सुटते आणि बुरशीला वाट मोकळी होते.

बुरशी लागलेले नख पिवळट किंवा पांढुरके दिसते, जाड होते, टोकाशी त्याचा भुगा पडतो. सुरुवातीस ते बहुधा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. नख हिरवट दिसले तर मात्र ते काम बहुतेक वेळा स्यूडोमोनस नावाच्या जंतूंचे असते, आणि बुरशीच्या औषधाने ते जंतू हटत नाहीत. सोरायसिसने किंवा मार लागूनही नख असेच बिघडते. म्हणून केवळ पाहून औषध आणू नये. डॉक्टर नखाचा थोडा कीस काढून तपासतात, तो तपासू द्यावा.

खरी चूक होते ती यापुढे. नख वाईट दिसू लागले की पुष्कळ जणी त्यावर नवे नख बसवून घेतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण येथे उपयोगाची नाही. झाकलेले नख आतून पोखरत जाते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे कृत्रिम नख काढणे. ते ओढून उपटू नये. अ‍ॅसिटोनमध्ये भिजविलेला कापूस गुंडाळून ते मऊ करून काढावे, आणि हे काम शेगडीजवळ कधीही करू नये, कारण अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते.

रोग थोडा असेल तर डॉक्टर नखावर लावावयाचे औषध देतात. ते कित्येक महिने नेमाने लावावे लागते. रोग मुळापर्यंत गेला असेल तर टर्बिनाफीनसारख्या गोळ्या देतात, हाताच्या नखांस साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखांस १२. यकृताचा विकार, गरोदरपण, अंगावर पाजणे, चालू असलेली इतर औषधे, हे सर्व डॉक्टरांना आधी सांगावे. मधुमेह असलेल्या भगिनींनी तर मुळीच दिरंगाई करू नये. दुकानातून आणलेली मिश्र मलमे जाड नखाच्या आत पोचत नाहीत. बिघडलेले नख पुन्हा सुधारत नाही, मुळाकडून नवे यावे लागते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे पुरे नवे नख येण्यास सहा महिने लागतात. पायाच्या नखास वर्ष-दीड वर्ष. तेवढा धीर धरावा.

रोग होऊच नये म्हणून काय करावे? नखे आखूड ठेवावी. एका कार्यापुरती लावावी, मग काढून आपल्या नखांस विसावा द्यावा. कड सुटली तर पुन्हा गोंद लावून ती दाबू नये. धुण्याभांड्यांस हातमोजे घालावे आणि नंतर हात कोरडे करावे. नखे लावणाऱ्या बाईंची हत्यारे स्वच्छ केलेली आहेत ना, हे निःसंकोच विचारावे. पायांस चिखल्या असतील तर त्यांवर वेळीच औषध करावे, कारण तीच बुरशी नखांतही जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांस कृत्रिम नखे वर्ज्य सांगितली. घरी आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल तर आपणही तो नियम पाळावा.

शेवटी एक विनंती. हळदीकुंकवाला एखादी मुलगी बोटे पदराआड लपविताना दिसली तर तिला हसू नका. नखाची बुरशी हा गलिच्छपणाचा पुरावा नव्हे, तो एक रोग आहे आणि त्यावर औषध आहे. तिला तसे सांगा, आणि ती एकटी जाण्यास संकोचत असेल तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा. मंडळ असते ते अशाच कामासाठी.