उपासना आणि देह



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. गुरूच्या स्मृतिदिनी शिष्याने बोलावयास उभे राहावे, ही ऋण फेडण्याची संधी नव्हे. ऋण मान्य करण्याची आहे. त्यातही माझे ऋण थोडे वेगळे आहे. गुरुजींनी मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर त्यांच्या हयातीत मला देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

प्रसंग सुमारे तीस वर्षांपूर्वीचा. सुरतेतील एका मंडळीच्या समितीवर मी तेव्हा होतो. एका रविवारी उपासनेत चार-पाच तरुणांनी गीत म्हणताना टाळ्या वाजवल्या, डोळे मिटून दोन्ही हात वर केले. आमच्या वडीलधाऱ्यांत चुळबुळ झाली. उपासना संपल्यावर मी त्या मुलांना बाजूला घेतले आणि म्हणालो, "हे देवालय आहे, तमाशाचा फड नव्हे." मुले निमूटपणे निघून गेली. त्यांतील एक पुन्हा कधीच आला नाही.

ही हकीकत गुरुजींच्या कानी गेली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू उपासनेत बसतोस, उभा राहतोस, डोळे मिटतोस, मान खाली घालतोस. हे सारे शरीरानेच करतोस ना? मग ते तुला कुणी शिकवले आणि त्या मुलांना कुणी, याचा कधी शोध घेतलास का?" मी गप्प राहिलो.

या सभागृहातील बहुसंख्य श्रोते ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु देवापुढे देहाने काय करावे, हा प्रश्न एका धर्माचा नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, मशिदीत माणूस कपाळ जमिनीला टेकवतो, अग्यारीत पारशी बांधव मस्तक झाकून उभा राहतो. प्रत्येक धर्मात शब्द जिथे अपुरे पडतात तिथे शरीर पुढे येते.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत ज्या शब्दासाठी आपण 'भजणे' किंवा 'उपासना करणे' असे म्हणतो, त्याचा मूळ अर्थ जमिनीपर्यंत वाकणे असा आहे. अर्थ आधी शरीराचा आणि मग मनाचा. शलमोन राजा मंदिराच्या समर्पणप्रसंगी गुडघे टेकून, हात आकाशाकडे पसरून प्रार्थना करतो. दानीएल परदेशात दिवसातून तीन वेळा गुडघे टेकतो. स्तोत्रकर्ता हात उभारावयास, टाळ्या वाजवावयास आणि नृत्य करावयासही सांगतो. आणि कराराचा कोश नगरात येताना दावीद राजा सर्वांदेखत सर्व बळाने नाचतो. त्याची राणी मीखल खिडकीतून ते पाहते आणि मनात त्याचा तिरस्कार करते. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, परंतु त्या रविवारी आपण कोणत्या खिडकीत उभे होतो, हे माझ्या ध्यानी आले नाही.

प्रभू येशूचे उदाहरण घ्या. नासरेथच्या सभास्थानात तो शास्त्र वाचावयास उभा राहतो आणि शिकवावयास बसतो. गेथशेमाने बागेत तो गुडघे टेकतो. मत्तय सांगतो की, तो पालथा पडला. त्याच्या दृष्टांतातला जकातदार दूर उभा राहून ऊर बडवतो, वर पाहण्याचेही त्याला धैर्य होत नाही. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

आता इतिहास पाहू. आपल्या रीती अनादि काळापासून चालत आल्या आहेत असे आपणांस वाटते. तसे नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींतील भिंतींवर आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी प्रार्थना करणाऱ्या व्यक्तींची चित्रे काढली आहेत. त्या व्यक्ती उभ्या आहेत आणि त्यांचे दोन्ही हात वर पसरलेले आहेत. इ. स. 325 मध्ये भरलेल्या निकियाच्या परिषदेने तर असा नियम केला की, रविवारी प्रार्थना उभ्यानेच करावी. कारण तो पुनरुत्थानाचा दिवस आहे. म्हणजे ज्या मुलांना मी नवखी ठरवले, त्यांची रीत माझ्या रीतीहून पुष्कळ जुनी होती.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या सुरतेचे काय? तापीकाठच्या या बंदरात इंग्रज, डच आणि आर्मेनियन व्यापारी आले, राहिले आणि येथेच मातीत विसावले. त्यांच्या दफनभूमी आजही आपल्या शहरात आहेत. येथील इंग्रजांच्या चर्चचे समर्पण बिशप हेबर यांनी 1825 साली केले. तेथील रीत अँग्लिकन, अर्थात गुडघे टेकून प्रभुभोजन घेण्याची. त्याआधी 1815 साली लंडन मिशनरी सोसायटीचे लोक सुरतेत आले होते. त्यांनी भाषांतरित केलेला गुजराती नवा करार 1821 साली येथेच छापला गेला. पुढे 1840च्या दशकात येथील काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले.

या प्रेस्बिटेरियन मंडळीची देहरीत अगदी वेगळी होती. प्रभुभोजन त्यांनी बसून घ्यावयाचे. त्यामागे मोठा संघर्ष होता. 1618 साली स्कॉटलंडमध्ये राजा जेम्सच्या दबावाखाली पर्थ येथील सभेने गुडघे टेकून प्रभुभोजन घेण्याचा नियम संमत केला आणि तेथील अनेक भाविकांनी तो मानण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की, प्रभूच्या मेजावर शिष्य बसले होते; आणि भाकरीपुढे गुडघे टेकले तर तिचीच पूजा होईल. दुसऱ्या बाजूला इंग्लंडच्या 1552च्या प्रार्थनापुस्तकात मुद्दाम खुलासा करावा लागला होता की, गुडघे टेकणे हे नम्र कृतज्ञतेचे चिन्ह आहे, भाकरीची आराधना नव्हे. गुडघा वाकवावा की न वाकवावा, एवढ्यावरून दोन राष्ट्रांतील माणसे दुरावली. शिवाय जुन्या स्कॉटिश आणि आयरिश रीतीत लोक प्रार्थनेसाठी उभे राहत आणि स्तोत्रे बसून गात. आज आम्ही बहुधा याच्या उलट करतो आणि तीच वाडवडिलांची परंपरा म्हणून सांगतो.

सुरतेच्या दक्षिणेस आणखी एक प्रवाह आला. 1708 साली जर्मनीत स्थापन झालेल्या ब्रेदरन मंडळीच्या अमेरिकन शाखेने 1895च्या सुमारास बलसाड येथे, म्हणजे आजच्या वलसाडला, कामास आरंभ केला. पुढे ते अंकलेश्वर, व्यारा, आहवा आणि आपल्या मराठी मुलखातील डहाणूपर्यंत पसरले. त्यांचा बाप्तिस्मा पाण्यात गुडघे टेकून, पुढे झुकून, तीन वेळा बुडून होतो. त्यांच्या प्रीतिभोजनाआधी लोक एकमेकांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट ते केवळ वाचत नाहीत, तर करतात. ज्या देशात स्पर्शाने विटाळ मानला गेला, तेथे एका माणसाने दुसऱ्याचा पाय हातात घेऊन धुणे, ही केवढी मोठी प्रार्थना आहे, याचा विचार करावा.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. गुडघे टेकणारे अँग्लिकन, बसणारे प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट, पाय धुणारे ब्रेदरन हे सारे एका छत्राखाली आले. ज्या गोष्टीवरून पूर्वजांनी तुरुंगवास सोसला, ती गोष्ट आता शेजारी बसलेल्या माणसाची सवय ठरली. ऐक्य घोषणेने झाले खरे. परंतु गुडघ्यांना ते शिकावयास वेळ लागतो.

आता महाराष्ट्राकडे वळतो. पंडिता रमाबाई (1858–1922) आपणांस समाजसुधारक म्हणून ठाऊक आहेत. 1900च्या दुष्काळात त्यांनी गुजरातमधून अनेक अनाथ मुली वाचवून पुण्याजवळच्या केडगाव येथील मुक्ती सदनात नेल्या. म्हणजे या कथेत आपलेही नाते आहे. 1905च्या जून महिन्यात तेथे एक विलक्षण जागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कुणी रडत होत्या, कुणी थरथरत होत्या, कुणी जमिनीवर पडल्या, तर कुणी आनंदाने टाळ्या वाजवीत होत्या. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हे रुचले नाही. ही अतिरेकी भावनावशता आहे, असे ते म्हणू लागले.

रमाबाई संस्कृत पंडिता, शिस्तीच्या भोक्त्या. त्यांनी या मुलींना गप्प केले असते तर कुणी नवल मानले नसते. परंतु त्यांनी तसे केले नाही. 1907 साली आपल्या संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी मुलींची बाजू मांडली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, भारतीय माणसांना देवाने जो स्वभाव आणि ज्या भावना दिल्या आहेत, त्यांना साजेशी जागृती त्यांच्यात का होऊ नये? ज्या मुलींनी भूक पाहिली, आईबापांचे मरण पाहिले, त्यांच्या देहाला जगाने केवळ ओझे मानले होते. त्याच देहाने त्या देवाशी बोलत होत्या. त्यांना 'नीट बस' असे सांगण्याचा अधिकार कुणाचा?

याच सुमारास नारायण वामन टिळक (1861–1919) अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ख्रिस्ती भजन-कीर्तनाची वाट रुंद करीत होते. टाळ, मृदंग आणि उभ्याने गाणारा कीर्तनकार ही मराठी माणसाची उपासना. ती सोडून परक्या रीतीनेच देवापुढे जावे, हे त्यांना पटेना.

कॅथॉलिक मंडळीतही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हाच विचार झाला. 25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतातील उपासनेसाठी बारा फेरफारांना मान्यता दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर मांडी घालून बसणे, एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, पश्चात्तापविधीत पंचांग प्रणाम, वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून हात कपाळी लावणे, समईच्या ज्योती, आरती, अशा त्या गोष्टी. काहींनी त्या आनंदाने स्वीकारल्या, तर काहींनी विरोध केला. विरोध करणाऱ्यांनाही हसू नये. ज्या रीतीने आजोबांनी प्रार्थना केली ती हातून सुटते की काय, हे भय खरे असते.

मग विवेक कोठे ठेवावा? हात वर केले म्हणजे उपासना झाली काय? मुळीच नव्हे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव स्वतःच म्हणतो की, रक्ताने माखलेले हात कितीही पसरले तरी तो पाहणार नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोकांनी पाहावे म्हणून उभे राहणाऱ्यांबद्दल प्रभूने कठोर शब्द काढले आहेत. परंतु माझे निवेदन असे आहे की, देखावा केवळ हात उंचावण्यातच असतो असे नाही. ताठ बसण्यातही तो असू शकतो. 'आम्ही कसे शांत, आम्ही कसे सुसंस्कृत,' हा अभिमान मी वर्षानुवर्षे बाकावर बसून पोसला होता. म्हणून कसोटी हावभावाची नसावी. देवापुढे वाकलेला देह आठवड्याच्या उरलेल्या सहा दिवसांत कुणापुढे वाकतो, कुणाचे पाय धुतो, ही कसोटी असावी. एकत्र उपासनेत मर्यादा हवी, हेही खरे. शेजाऱ्याला बाधा होऊ नये, आजारी आणि वृद्ध यांचा विचार असावा. परंतु मर्यादा प्रेमाने ठरवावी, तिरस्काराने नव्हे.

शेवटी पुन्हा गुरुजींकडे येतो. आयुष्याच्या अखेरीस त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. ज्यांनी आम्हांला मराठीचा प्रत्येक शब्द तोलून वापरावयास शिकवले, त्यांच्याजवळ एकही शब्द उरला नाही. पाळकांनी घरी येऊन त्यांना प्रभुभोजन दिले तेव्हा मी तेथे होतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. गुरुजींचे ओठ हलले, पण आवाज उमटला नाही. मग त्यांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि सावकाश, कापत कापत, वर उचलला. आयुष्यभर बाकावर शांत बसून उपासना करणाऱ्या त्या माणसाने आमेन होईपर्यंत तो हात खाली घेतला नाही.

मला माझ्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळाले. शब्द हे देवाकडे जाणारे एकमेव वाहन आहे असे आपण शिकलेली माणसे समजतो. ते काढून घेतले जाते तेव्हा देह उरतो, आणि तो प्रार्थना जाणतो.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्या तरुणाचा पत्ता शोधून काढला. तो आता दुसऱ्या मंडळीत जातो, संसारी गृहस्थ आहे. मी त्याची क्षमा मागितली. त्याने मला आदराने बसवले, चहा दिला, क्षमाही केली. पण तो परत आला नाही. यावे असा आग्रह करण्याचा अधिकार मला नव्हता. एका वाक्याने मोडलेले कधी कधी तीस वर्षांनीही जुळत नाही, हेही आजच्या विद्यार्थ्यांनी ऐकून ठेवावे.

मित्रहो, आपण प्रार्थना कराल तेव्हा हात जोडा, पसरा, गुडघे टेका किंवा स्वस्थ बसा. शेजारी कुणी वेगळे करीत असेल तर मीखलच्या खिडकीत उभे राहू नका. एवढेच गुरुजींनी मला शिकवले आणि ते शिकावयास मला फार उशीर लागला.

त्यांच्या स्मृतीस नम्रपणे अभिवादन करून मी आपली रजा घेतो.