हाड कोण पोखरते?



कामगार चळवळीतल्या माणसाने हाडांवर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु आमच्या कोपरच्या वस्तीत साधे पडण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांस उत्तर एकच मिळते : वय झाले! या उत्तराने आमचे समाधान होईना, म्हणून आम्ही पुस्तके उघडली.

हाड म्हणजे भिंतीतला दगड नव्हे. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरसाल पाडला जातो व नव्याने बांधला जातो. पाडणाऱ्या पेशीस ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या अनेक पूर्वपेशी एकमेकींत मिसळून ती बनते. हाडाला चिकटून आम्लाने त्यातला चुना विरघळविते आणि पाचक द्रव्यांनी तंतू पचविते.

परंतु पूर्वपेशी आपल्या मनाने या कामास लागत नाही. १९८८ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या प्लीहेतील पूर्वपेशी आणि हाड बांधणाऱ्या पेशी, क्रियाशील ड जीवनसत्त्व घालून, एकत्र वाढविल्या. ऑस्टिओक्लास्ट तयार झाल्या. दोहोंमध्ये बारीक पडदा घातला, तेव्हा झाल्या नाहीत. म्हणजे हुकूम हाताहातीच द्यावा लागतो. आणि देणारी कोण, तर बांधणारी! गवंड्यानेच पाडणाऱ्यास बोलवावे, तसे हे आहे.

हा हुकूम १९९८ साली ओळखला गेला; त्याचे नाव रँकल. आधार देणाऱ्या पेशी तो अंगावर बाळगतात आणि पूर्वपेशीवरील रँक नावाच्या खाचेत तो बसतो. जोडीस एम-सीएसएफ हे द्रव्य लागते. त्यावाचून पूर्वपेशी तगत नाही. याच आधारपेशी ऑस्टिओप्रोटेगेरिन नावाचे द्रव्यही सोडतात. ते १९९७ साली सापडले. ते हुकूम वाटेतच अडविते. या दोहोंचा तोल म्हणजे हाडाचे आरोग्य.

पाळी गेल्यावर स्त्रीरस घटतो, रँकलचे पारडे जड होते आणि बांधण्यापेक्षा पाडणे वाढते. संधिवाताच्या एका प्रकारात सुजलेल्या सांध्यातही हाच हुकूम सुटतो. तेव्हा नुसते 'वय' म्हणून कसे भागेल?

आपल्या पुण्यातही यावर काम झाले आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी व सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले की, इंटरल्युकिन-३ हे द्रव्य उंदराच्या पूर्वपेशींस पाडकामापासून वळवून दुसऱ्याच पेशी बनविते. हे प्रयोगशाळेतले काम आहे, औषध नव्हे. रँकलला अडविणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन मात्र २०१० पासून वापरात आहे. सहा महिन्यांनी घ्यावयाचे ते आपल्या मनाने बंद केल्यास मणके मोडण्याचा धोका असतो.

आमचे मागणे साधे आहे. पन्नाशीच्या कामकरी बाईची हाडे मोडण्यापूर्वी तपासली जावीत. तिच्या ताटात नाचणी-दूध पडावे, अंगावर ऊन पडावे. हाड पोखरणारास बोलावणे कसे जाते, हे आता ठाऊक झाले आहे. ठाऊक असूनही हाड मोडेपर्यंत थांबणे, याला आम्ही नशीब म्हणत नाही; हयगय म्हणतो.