पितळी पातेलं आणि पुण्याचं संशोधन
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, ‘काका, पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स सोडून कशावरही बोला.’ म्हणून आज एका पातेल्यावर बोलतो.

मध्यंतरी आपल्याच बिल्डिंगमध्ये बारसं होतं. कोणीतरी बाळाच्या दुधासाठी सुंदर पितळी पातेलं भेट दिलं. ‘जुनं ते सोनं’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मी सहज विचारलं, ‘कल्हई आहे का?’ ती मुलगी म्हणाली, ‘कल्हई म्हणजे काय, काका?’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमचं मूळ गाव चाकणजवळ. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, कांद्याची शेतं होती. मी सात-आठ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ गेला. दीड वर्षाचा होता. आधी चिडचिड करू लागला, मग पोट फुगलं, शेवटी कावीळ. ‘लिव्हर वाढलंय’ एवढंच डॉक्टर म्हणाले. कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं आईचं दूधच वाईट. आईने ते निमूट ऐकून घेतलं.

या आजाराला वैद्यकात ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ म्हणतात. एक ते तीन वर्षांची मुलं बहुधा यात सापडत, आणि बहुतेक दगावत. एकाच घरात दोन-दोन मुलं जात. अशा मुलांच्या यकृतात तांबं फार साठलेलं असतं, हे डॉक्टरांना कळलं होतं. पण ते येतं कुठून?

याचा माग पुण्यातच लागला. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम केलं. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढे १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला निरोगी मुलं घेऊन तुलना छापली. आम्ही बँकेत व्हाउचर तपासायचो, तसं त्यांनी आयांना बारीकसारीक विचारलं. अंगावरचं दूध किती महिने? वरचं दूध कधी सुरू केलं? कोणत्या भांड्यात तापवलं? आजारी मुलांच्या घरी उत्तर पुन्हापुन्हा तेच येई: वरचं दूध लवकर सुरू केलेलं, आणि भांडं पितळेचं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दूध त्यात तापवून तसंच ठेवलं की तांबं दुधात उतरतं. दुधातलं प्रथिन ते धरून ठेवतं, म्हणून पाण्यापेक्षा दूध जास्त तांबं ओढतं. कथलाची कल्हई असेल तर हे पुष्कळ कमी होतं. शरीरातलं जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळात ही वाट पुरती तयार नसते. मग ते यकृतातच साठत जातं.

आता, पितळेतलं दूध प्यायलेली सगळीच मुलं आजारी पडली नाहीत. मीही त्याच पातेल्यातलं दूध प्यालो. काही मुलांच्या अंगातच काही कमी असावं, असं पुष्कळ डॉक्टर मानतात. पण ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही असंच घडलं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुलं अशाच आजाराने गेली. तिथलं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवलं जाई. भांडी बदलली आणि आजार गेला. आपल्याकडेही स्टील आलं, डॉक्टरांनी आयांना समजावलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

हे सगळं मी वाचलं तेव्हा आई हयात होती. आमचं पातेलं तिच्या माहेरचं, रुखवतात आलेलं. वैलावर दिवसभर त्यात दूध असायचं, आणि बोंडल्याने ती धाकट्याला पाजायची. कल्हईवाला वर्षाकाठी एकदा येई, तोही आला तर. मी लेखाचं कात्रण खिशात घालून तिच्यासमोर बसलो आणि तसाच उठलो. दृष्टीचा दोष काढून तिच्या हाताचा दोष कशाला लावू? पण आज वाटतं, मी चुकलो. डॉक्टरांनी एकाही आईला दोषी ठरवलं नव्हतं, दोषी ठरवलं होतं भांडं. ‘तुझं दूध वाईट नव्हतं, आई,’ एवढं तरी मी तिला सांगायला हवं होतं.

ते राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगतो. पितळेची भांडी वापरा, मला ती आवडतात. पण कल्हई करून घ्या, आणि बाळाचं दूध मात्र स्टीलच्याच भांड्यात तापवा. पहिले सहा महिने आईचंच दूध, हे तर डॉक्टर सांगतातच.

आणि कमिटीला एक विनंती. एखाद्या रविवारी कल्हईवाल्याला बोलवा, आणि वॉचमनला सांगा, त्याला गेटवर अडवू नकोस. माझं पातेलं रांगेत पहिलं असेल.