उमेदवार ठरवावा कोणी?
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. काही जण नागरिकत्व घेऊन तेथे मतदानही करतात. त्यामुळे तेथील राष्ट्राध्यक्ष कोण होणार, याची चर्चा आपल्याही घरात रंगते. परंतु मतपत्रिकेवर ती दोन प्रमुख नावे येतात कशी, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मतदार निवड करतो ती पक्षांनी पुढे केलेल्या नावांतून. म्हणूनच पक्षांतर्गत निवड निष्पक्ष असणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. प्रारंभी संसद सदस्यच एकत्र बसून उमेदवार ठरवीत. ती पद्धत १८२४ नंतर मोडली आणि पक्षांची राष्ट्रीय अधिवेशने सुरू झाली. मात्र अधिवेशनातील प्रतिनिधी बहुधा राज्याराज्यांतील पुढाऱ्यांच्या मुठीत असत. त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षाच्या मतदारांनी थेट कौल देण्याची, अर्थात ‘प्रायमरी’ची प्रथा आली.

१९१२ साली रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या. परंतु वादग्रस्त प्रतिनिधींचा निवाडा करणारी यंत्रणा विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांच्या समर्थकांच्या हाती होती. उमेदवारी टाफ्ट यांनाच मिळाली. रूझवेल्ट यांनी वेगळी चूल मांडली, पक्ष दुभंगला आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन विजयी झाले. खेळाडूच पंच झाला की दुसरे काय होणार?

१९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने तोच धडा पुन्हा गिरवला. एकही प्रायमरी न लढलेले उपाध्यक्ष हम्फ्री शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले. सभागृहाबाहेर पोलीस आणि युद्धविरोधी निदर्शक यांच्यात रक्तरंजित संघर्ष उडाला. नोव्हेंबरमध्ये निक्सन जिंकले. त्यानंतर नेमलेल्या सुधारणा आयोगाने सामान्य मतदाराला निर्णायक अधिकार दिला. तथापि, आयोगाचे पहिले प्रमुख मॅकगव्हर्न हेच १९७२ चे उमेदवार झाले आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत पराभूत झाले. नियम चांगले होते. पण ते घडविणाराच त्यांचा पहिला लाभार्थी ठरला, ही टीका त्यांना चुकली नाही.

पुढे अनुभवी नेत्यांचाही विचार घ्यावा म्हणून १९८४ पासून ‘सुपरडेलिगेट’ आले. त्यांच्यावर कोणाच्याही कौलाचे बंधन नव्हते. २०१६ साली सँडर्स यांच्या कार्यकर्त्यांना हा पक्षपात वाटला. अखेर २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला: चुरशीच्या लढतीत या नेत्यांनी पहिल्या फेरीत मत देऊ नये. जनमत आणि अनुभव यांची सांगड घालण्याचा हा समंजस प्रयत्न होय.

या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. नियम लढतीपूर्वी ठरावेत आणि मध्येच बदलू नयेत. निवाडा करणारा स्वतः स्पर्धेत नसावा. आणि ज्याने उन्हातान्हात दारोदार फिरून पक्ष उभा केला, त्या सामान्य कार्यकर्त्याच्या मताला वजन असावे. ज्येष्ठांनी सल्ला जरूर द्यावा, परंतु त्याचा कौल फिरवू नये.

निष्पक्षतेची खरी परीक्षा पराभूताच्या घरी होते. निकालानंतर दुसऱ्या दिवशी हरलेल्याचा कार्यकर्ता विजेत्याचे पत्रक हातात घेऊन बाहेर पडला, तर पद्धत न्याय्य होती असे समजावे. १९१२ मध्ये तो बाहेर पडला खरा, पण वेगळ्या पक्षाचे पत्रक घेऊन. कोणत्याही देशातील, कोणत्याही पक्षाने हे विसरू नये. पक्षाला पराभव पचतो. आपल्याच माणसांचा उडालेला विश्वास परत मिळवायला मात्र पिढी खर्ची पडते.