पत्ता कोणाला विचारावा?

पुण्याच्या बुधवार पेठेत, आप्पा बळवंत चौकात थोडा वेळ उभे राहिले, की कोणीतरी हमखास विचारतो, "अहो, तपकीर गल्ली कुठं आली?" ही गल्ली म्हणजे विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची बाजारपेठ. पेठेतला माणूस नुसत्या हाताच्या खुणेने वाट दाखवतो. पण हाच प्रश्न नुकत्याच एस.टी.तून उतरलेल्या पाहुण्याला विचारला तर? तो म्हणेल, "मला नाही बुवा ठाऊक." यात पाहुण्याचा दोष नाही. आपणच भलत्या माणसाला विचारले!

एवढी साधी गोष्ट, पण ती मला एका परीक्षेच्या दिवशी नव्याने शिकावी लागली.

एका महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिथल्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक एका मुख्य संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडलेले. शाळेत जसे जनरल रजिस्टर असते, तशी या सर्व्हरवर साऱ्या विद्यार्थ्यांची नावनिशी असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. मुलाने कोणत्याही संगणकावर बसून नाव आणि पासवर्ड घातला, की तो संगणक सर्व्हरला विचारतो, "हा आपलाच का?" होकार आला की दार उघडते.

त्या दिवशी काहींना दार उघडले, काहींना नाही. वेल्ह्याकडच्या गावातून आलेली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, माझं नाव घेतच नाहीये हो." मी म्हटले, "पासवर्ड विसरली असशील. नीट आठव." ती गप्प झाली. पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिले होते, की नाव तपासून देणारा सर्व्हर उपलब्ध नाही. पण ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. आधी मुलीला दोषी धरले.

आता हे संगणक सर्व्हरला शोधतात तरी कसे, ते पाहू.

सर्व्हर कुठे आहे हे संगणकाला जन्मतः ठाऊक नसते. तो आधी वाटाड्याला विचारतो. या वाटाड्याचे नाव डी.एन.एस. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ साली ही व्यवस्था आखली. २००० साली विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली, तीही याच वाटाड्यावर विसंबते. संगणक विचारतो, "आमच्या संस्थेची डिरेक्टरी कोण सांभाळतो?" वाटाड्या सर्व्हरांची नावे देतो. कोणाकडे आधी जावे आणि कोणावर किती भार टाकावा, हेही त्या नोंदीत असते. मग संगणक त्या सर्व्हरांना छोटीशी हाक घालतो आणि जो आधी ओ देईल त्याला धरतो. सर्व्हरही शहाणा असतो. पुण्यातला संगणक चुकून नागपूरच्या सर्व्हरकडे गेला, तर तो म्हणतो, "बाबा रे, तुझा विभाग पुण्याचा." मग संगणक पुण्यातला सर्व्हर शोधतो. एकदा सापडला की तो लक्षात ठेवतो; तो बोलेनासा झाला, तर पुन्हा शोधाशोध.

आमच्याकडे झाले होते असे: इंटरनेट जलद चालावे म्हणून कोणीतरी आदल्या दिवशी सगळ्या संगणकांना बाहेरचा वाटाड्या नेमून दिला होता. त्याला जगभरच्या वेबसाइटांचे पत्ते ठाऊक, पण आमच्या पलीकडच्या इमारतीतला सर्व्हर ठाऊक नाही. म्हणून इंटरनेट उत्तम चालू आणि प्रवेश मात्र बंद!

मग काहींना प्रवेश कसा मिळाला? विंडोजचा संगणक आपल्यावर पूर्वी येऊन गेलेल्या शेवटच्या काही जणांची खूण जपून ठेवतो. सर्वसाधारणपणे दहा जणांची. सर्व्हर भेटला नाही, तर त्या खुणेवर तो आत घेतो. जी मुले आपल्या नेहमीच्या जागेवर होती, ती आत गेली. ज्यांना परीक्षा-क्रमांकाप्रमाणे नवी जागा मिळाली, ती बाहेर राहिली. त्या मुलीची जागा बदललेली होती. पासवर्ड तिचा बरोबरच होता.

वाटाड्याचा पत्ता पूर्ववत केला आणि काम सुरू झाले. तासभर गेला तो गेलाच. मुलांना तेवढा वेळ वाढवून दिला, आणि त्या मुलीची मी सर्वांसमोर माफी मागितली.

श्रोतेहो, ओळख झाली म्हणजे नाते कायम टिकते असे नाही. संगणकाचे स्वतःचेही एक गुप्त परवलीचे अक्षर सर्व्हरपाशी असते आणि सामान्यतः दर ३० दिवसांनी तो ते आपणहून बदलतो. एखाद्याने संगणकात जुनी साठवलेली प्रत परत भरली, तर जुना परवलीचा शब्द परत येतो आणि सर्व्हर ओळख नाकारतो. दुसरी गोष्ट घड्याळाची. दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर ओळखपत्र सहसा मान्य होत नाही. कोणी जुनी चिठ्ठी चोरून वापरू नये म्हणून हा बंदोबस्त. एरवी संगणक सर्व्हरकडूनच वेळ जुळवून घेतो. पण जुन्या संगणकाचे घड्याळ रोज मागे पडत असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बदलावा. तपकीर गल्लीत तो सहज मिळतो.

गावोगावच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. शाळेत असे जोडलेले संगणक असतील, तर आधी पडद्यावरचा मजकूर वाचा. मग संगणक पत्ता कोणाला विचारतो आहे ते पाहा. मग घड्याळ पाहा. दुसरा सर्व्हर ठेवणे परवडत असेल, तर अवश्य ठेवा. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी चालत्या यंत्रात कोणी हात घालू नये, हे बजावून ठेवा.

हे सारे पाहून झाले, की मगच मुलाला विचारा, "काय रे, पासवर्ड विसरलास का?"