शिक्षकाचे मौन आणि मुलांचे इंग्रजी

(पालक मेळाव्यातील भाषण)



इंग्रजीच्या शिक्षकाने वर्गात गप्प राहावे, असे मी म्हटले तर तुम्हांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. मास्तर गप्प बसणार, तर मग पगार कशाचा घेणार? प्रश्न रास्त आहे. पण आधी एक साधा हिशेब करू. पस्तीस मिनिटांचा तास आणि साठ मुलांचा वर्ग. शिक्षक पंचवीस मिनिटे बोलला, तर उरतात दहा मिनिटे, म्हणजे सहाशे सेकंद. एका मुलाच्या वाट्याला दहा सेकंद! तीही समान वाटली जात नाहीत. पुढच्या बाकावरची चार हुशार मुले ती घेऊन जातात आणि मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर तोंड न उघडता पास होते.

आपल्या राज्यातील शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे ते शिकून मॅट्रिक झालेला मुलगा मुंबईला किंवा आखातात नोकरीच्या मुलाखतीस जातो आणि स्वतःचे नाव सांगून झाले की अडतो. तो अडाणी नाही. घरात दखनी किंवा कोकणी, मोहल्ल्यात उर्दू, शाळेत मराठी आणि मकतबात अरबीचे पठण अशा चार भाषांचे ध्वनी त्याच्या कानात आहेत. मग अडते कोठे? दहा वर्षे त्याने इंग्रजी ऐकले, फळ्यावरून उतरवून घेतले आणि पाठ केले. बोलला मात्र नाही.

नेमक्या याच दुखण्यावर डॉ. केलेब गातेन्यो यांनी बोट ठेवले. त्यांचा जन्म १९११ साली मिसरमधील इस्कंदरिया शहरी झाला. अरबी, फ्रेंच, ग्रीक, इटालियन अशा अनेक भाषा ज्या बंदरात रोज कानी पडत, तेथलाच हा माणूस. मूळ विषय गणित. बेल्जियममधील जॉर्ज क्विझनेर नावाचे शिक्षक रंगीत लाकडी कांड्यांनी मुलांना अंकगणित शिकवीत असत. एक सेंटिमीटरची पांढरी, दोनची तांबडी, अशा चढत्या लांबीच्या दहा कांड्या. दहा सेंटिमीटरची नारिंगी. १९५३ साली गातेन्यो यांनी त्या पाहिल्या आणि पुढे त्याच कांड्या भाषेच्या वर्गात आणल्या. १९६३ साली त्यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. ‘सायलेंट वे’, म्हणजे मौन पद्धती, हे तिचे नाव.

हा तास चालतो कसा ते पाहा. शिक्षक टेबलावर एक कांडी ठेवतो आणि तिचे इंग्रजी नाव एकदाच, स्पष्ट उच्चारतो : ‘ए रॉड’. पुन्हा उच्चारीत नाही. हाताने खूण करतो, मुले म्हणतात. मग निळी कांडी, मग तांबडी. पुढे ‘टेक’ आणि ‘गिव्ह’ ही दोन क्रियापदे आली की मुले एकमेकांना कांड्या मागू लागतात, देऊ लागतात. शब्द मोजकेच, पण त्यांची वाक्ये किती तरी होतात, आणि ती मुलेच बनवितात. शिक्षकाने एकदाच सांगावयाचे असल्यामुळे मुले कान देऊन ऐकतात. आपण एकच शब्द दहा वेळा सांगतो, म्हणून तर नऊ वेळा कोणी ऐकत नाही.

मूल चुकले तर? शिक्षक हाताची बोटे वर करतो, एकेक बोट म्हणजे एकेक शब्द. ‘टेक रेड रॉड’ असे कोणी म्हटले तर तो पहिल्या दोन बोटांमध्ये फट करून दाखवितो. येथे काही तरी राहिले! आपल्या मराठी-उर्दूत ‘ए’ आणि ‘द’ यांच्यासारखे शब्द नसल्यामुळे आपली मुले ते हमखास गाळतात. उत्तर शिक्षक सांगत नाही. मूल थांबते, आठवते, शेजारच्याकडे पाहते आणि स्वतःच दुरुस्त करते. हे थांबणे फार मोलाचे असते. त्या क्षणी कोणी हसता कामा नये, एवढा एकच कडक नियम वर्गात हवा.

या पद्धतीत रंगांचे तक्तेही असतात. त्यांना ‘फिदेल’ म्हणतात. हा शब्द इथिओपियातील लिपीचा. गातेन्यो १९५७ साली साक्षरतेच्या कामासाठी तेथे गेले होते. तक्त्यावर एका ध्वनीला एकच रंग, मग स्पेलिंग काही का असेना. ‘फिश’मधील एफ, ‘फोन’मधील पीएच आणि ‘लाफ’मधील जीएच ही तिन्ही एकाच रंगात! इंग्रजी स्पेलिंगने रडविलेल्या मुलांना यात केवढा दिलासा आहे!

मला तर वाटते की उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवितानाही हा तक्ता कामी येईल. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांत अक्षर एकच, पण ‘च’ दोन. दखनी बोलणारी मुले दोन्ही ‘च’ सारखेच उच्चारतात आणि मग चिडविली जातात. त्या दोन ‘च’ना दोन रंग दिले, तर समजावून सांगण्यात अर्धा तास दवडावा लागणार नाही.

गैरसमज मात्र नको. टेबलावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचणे म्हणजे मौन पद्धती नव्हे. तोंड मिटलेल्या शिक्षकाचे डोळे आणि हात सारखे चालू असतात, आणि तयारी नेहमीच्या दुप्पट करावी लागते. साठांच्या वर्गात गट पाडल्याशिवाय हे जमणारही नाही. जगातही ही पद्धती संपूर्णपणे फार थोड्या शाळांनी स्वीकारली. परीक्षेची प्रश्नपत्रिका तर लेखीच असते, तेव्हा व्याकरण आणि निबंध मी नेहमीप्रमाणेच शिकवितो. परंतु आठवड्यातून दोन तास तरी मुलांच्या तोंडाला मिळाले पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

काही पालक मुलांची वही तपासतात आणि कोरे पान पाहून नाराज होतात. ‘आज सरांनी काय शिकविले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज तू काय बोललास?’ असे विचारा. विशेषतः मुलींना विचारा. घरी पाहुणे आले की त्यांना आत पाठविले जाते, वर्गात मुलगे आधी हात वर करतात, आणि मग ‘ही जात्याच अबोल आहे’ असे आपणच म्हणतो.

कांड्यांचा खर्चही मोठा नाही. सुताराकडचे लाकडाचे तुकडे सारख्या मापाने कापून रंगविले की काम भागते. आमच्या वर्गातील संच आठवीच्या मुलांनीच रंगविला आहे. निळा रंग थोडा फिकट झाला, पण मुलांची त्याबद्दल तक्रार नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत दुसरा तास या कामाचा असतो. ज्यांना शंका आहे त्यांनी अवश्य यावे, मागच्या बाकावर बसावे. फक्त एक विनंती : आपला मुलगा मध्येच अडखळला तर मेहेरबानी करून त्याला उत्तर सांगू नका.