रागाला आवर घालणारें गाणें



चाळीस वर्षें वर्गांत उभा राहून मी एक गोष्ट शिकलों. उनाड मुलाला मास्तरांचा उपदेश सहसा रुचत नाहीं; तीच गोष्ट त्याच्या बाकावरचा सोबती बोलला, तर तो निदान ऐकून घेतो. दूरच्या जमैका बेटांतील एका गाण्यानें मला याची आठवण करून दिली.

६ ऑगस्ट १९६२ रोजीं जमैका स्वतंत्र झालें. परंतु आशेनें खेडीं सोडून किंग्स्टन या राजधानींत आलेल्या अनेक तरुणांना काम मिळेना. ट्रेंच टाउनसारख्या दरिद्री वस्त्यांत टोळकीं जमूं लागलीं. अरुंद काठाची हॅट, काळा चष्मा, खिशांत चाकू आणि क्षुल्लक कारणावरून हाणामारी! अशा पोरांना लोक 'रूड बॉय' म्हणत.

१९६४ च्या प्रारंभीं त्याच गल्ल्यांतील 'वेलर्स' या मेळ्याचें 'सिमर डाऊन' हें गाणें देशांत सर्वांत लोकप्रिय ठरलें. बॉब मार्ली, पीटर टॉश व बनी लिव्हिंग्स्टन या तिघांपैकीं एकानेंहि विशी गाठलेली नव्हती. ध्वनिमुद्रण क्लेमेंट डॉड यांच्या 'स्टुडिओ वन'मध्यें झालें. ताल 'स्का'चा, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर झटका देणारा. ऐकतांना पाय स्वस्थ राहात नाहींत. शब्द मात्र संयमाचे. रागाला आवरा, नाहीं तर पस्तावाल, हें त्यांतील सार. आणि तें पटविण्यासाठीं घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असलेल्या म्हणी योजिलेल्या आहेत.

मग मारामाऱ्या थांबल्या काय? नाहीं. ऑक्टोबर १९६६ मध्यें पश्चिम किंग्स्टनमध्यें सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. रिकाम्या हातांना काम देणें गाण्याच्या शक्तीबाहेरचें होतें.

तरीहि त्याचें मोल मला मोठें वाटतें. ज्यांना सारें शहर वाया गेलेले समजत होतें, त्यांच्याशीं तें आपलेपणानें बोललें. मीं एकदां एका दांडगट मुलाला चारचौघांत 'गुंड' म्हणून वर्गाबाहेर काढलें. तो पुन्हा शाळेंत आला नाहीं. माझा उपदेश चुकीचा नव्हता. आवाज चुकला होता. आपल्या घरीं असा एखादा संतापी मुलगा असेल, तर त्याला नांव ठेवण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या शेजारीं बसावें, एवढीच विनंती.